उजनीवर कयाकमधून मरळ : प्रकल्प नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

दोन्ही कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या अरुंद होड्या, आज घरी आल्या. कोकणात जलक्रीडेचा धंदा गुंडाळणाऱ्या एका माणसाकडून जुन्याच घेतल्या. एक एकट्याची, दहा फुटी. दुसरी दोघांची, साडेबारा फुटी. दोन्ही वर बसायच्या जातीच्या, म्हणजे आत पाय घालून अडकून बसायचं नाही. बैठकीत आरपार भोकं असतात, त्यातून वर आलेलं पाणी आपोआप खाली निघून जातं. उलटली तरी तरंगत राहते आणि पुन्हा चढून बसता येतं. मासे धरायला हीच जात हवी, यावर आम्हा तिघांचं कधीच एकमत झालं होतं.

तिघं म्हणजे मी, मास्तर आणि डॉक्टर. मास्तर इंदापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत, पोरवयापासून गळ टाकतात. डॉक्टर जनावरांची. माझं काम कारखान्यात मेंटेनन्सचं, त्यामुळे भोकं पाडणं, जोडणं, चिकटवणं माझ्याकडे आपोआप आलं.

ठरलंय ते असं : उन्हाळ्यात उजनीच्या फुगवट्यात कयाकवरून, कृत्रिम आमिषावर मरळ (गोड्या पाण्यातला सापासारख्या डोक्याचा मासा) धरायची, मोजायची, फोटो घ्यायचा आणि सोडायची. काठावरून मास्तरांनी खूप मरळ धरल्यात. पण उजनीचं पाणी उतरायला लागलं की काठाला गुडघाभर गाळ उरतो. मरळ बसते जलपर्णीच्या आणि बुडालेल्या बाभळींच्या पलीकडच्या अंगाला, आणि तिथवर काठावरून आमिष पोचत नाही. इंजिनची बोट पोचते, पण तिच्या आवाजानं मासा आधीच सरकतो. कयाकला वीतभर पाणी पुरतं.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

मोठ्या कयाकच्या तळाला, मागच्या आरपार भोकाच्या कडेला चीर निघाली. वरून दिसत नव्हती. आत पाईपनं हलका वारा भरला, बाहेरून साबणाचं पाणी लावलं, तेव्हा बारीक बुडबुड्यांची रांग उठली. चार सेंटिमीटर लांबी.

कयाक पॉलिएथिलीनची असते आणि या प्लास्टिकला एपॉक्सी धरत नाही. आज चिकटलं असं वाटतं आणि दोन फेऱ्यांत पापुद्रा सुटतो. म्हणून वेल्डिंगच. चिरेच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे चीर पुढे धावत नाही. मग व्ही आकाराची खाच काढली, हॉट एअर गननं कडा तापवल्या आणि त्याच प्लास्टिकची कांडी दाबत दाबत भरली. कडा चकचकीत ओलसर दिसायला लागल्या की कांडी लावायची तीच वेळ. त्याआधी लावली तर नुसती वर बसते आणि उशीर झाला तर तळच लोंबायला लागतो. पहिला प्रयत्न खरवडून काढला, दुसरा नीट बसला.

८ डिसेंबर २०२४, रविवार

रॉड ठेवायला बैठकीच्या मागे तिरपे पाईप बसवले. प्रत्येक स्क्रूच्या आतल्या बाजूला मोठा वॉशर आणि भोवती सीलंट दिलं.

जास्त वेळ गेला नांगराच्या दोरीत. छोट्या होडीचा नांगर बाजूनं कधीच टाकायचा नाही. वारा किंवा प्रवाह वाढला की दोरी ती कड खाली ओढते आणि माणूस पाण्यात जातो. म्हणून कयाकच्या एका अंगाला नाकापासून शेपटीपर्यंत दोन कप्प्यांवरून फिरणारी दोरी लावली. तिच्यातल्या कडीत नांगर अडकवायचा आणि दोरी ओढून कडी पुढच्या किंवा मागच्या टोकाला न्यायची. नांगर दीड किलोचा, चार पाकळ्यांचा. बाभळींच्या रानात तो अडकणार हे नक्की, म्हणून तिथं नांगर न टाकता फांदीलाच धरणारा मोठा चिमटा केला. वल्ह्याला दोरी, पक्कडीला दोरी, मोबाईलला पाण्यात टिकणारी पिशवी आणि तिलाही दोरी.

२२ डिसेंबर २०२४, रविवार

उलटायचा सराव. मास्तरांच्या भावाचं शेततळं जवळ होतं, पण डॉक्टरनं साफ नकार दिला. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पोहता येणारा माणूससुद्धा कडेवर चढू शकत नाही. तिच्या कामात तिनं जनावरं अशी गेलेली पाहिली आहेत. मग ओळखीच्या एका जलतरण तलावावर दुपारची वेळ मागून घेतली.

प्रत्येकानं पाच वेळा मुद्दाम उलटायचं, जॅकेट घालून. उलटलेली कयाक पलीकडची कड धरून सरळ करायची, छाती बैठकीवर टाकायची, पाय पाण्यावर आडवे ठेवून लाथा मारायच्या, पोटावर आलं की कूस वळून बसायचं. पाय खाली लोंबकळले की ते कयाकखाली जातात आणि चढताच येत नाही. मास्तरांना तिसऱ्या वेळेला जमलं. मला चौथ्या. डॉक्टर पहिल्याच फटक्यात वर.

१२ जानेवारी २०२५, रविवार

पहिल्यांदा उजनीवर. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं भिगवणपर्यंत साधारण शंभर किलोमीटर, कयाक गाडीच्या टपावर बांधून. दर चाळीस किलोमीटरला थांबून पट्टे तपासले. पट्ट्याला एक पीळ द्यावा, म्हणजे वाऱ्यात तो थरथरत नाही.

पाण्यावर जायच्या आधी तात्यांकडे. तात्या भोई. मास्तरांच्या शाळेत त्यांचा नातू आहे. जलाशयात मासेमारीचा परवाना ज्यांच्याकडे आहे त्यांच्याशी त्यांनीच बोलणं करून दिलं. आम्ही एकही मासा नेणार नाही, जाळ्यांपासून लांब राहू, दिसलेली तुटकी जाळी काढून आणू, असं ठरलं. ज्यांचं पोट या पाण्यावर आहे त्यांना विचारल्याशिवाय इथं कुणी रॉड घेऊन उतरू नये, असं मला फार मनापासून वाटतं.

तात्यांनी खुणा समजावल्या. पाण्यावर तरंगणारी प्लास्टिकची बाटली किंवा थर्माकोलचा तुकडा म्हणजे जाळ्याचं टोक. दोन बाटल्यांच्या मधून कधीच जायचं नाही. काठाकाठानं शेतकऱ्यांच्या मोटारी आहेत आणि त्यांच्या केबली पाण्यातून, कधी पाण्यावरून गेलेल्या असतात. पाणी उतरलं की शेतकरी मोटार पुढे सरकवतो, केबल वाढवतो आणि सांधा चिकटपट्टीवर असतो. केबल दिसली की वळसा.

आज मासे धरायचे नव्हते. नुसतं वल्हवलं. भिगवणच्या बाजूला रोहित उतरलेले होते, उथळ गाळात चोची उलट्या घालून चरत होते. आम्ही लांबूनच वळलो. शांतपणे जवळ जाता येतं म्हणून जवळ जायचं नाही, हा नियम डॉक्टरनं वहीत लिहून ठेवलाय.

पाणी हिरवं. वल्ह्याच्या पात्यावर हिरवी साय राहते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून, पवनेतून भीमेत आणि भीमेतून इथं येतं. मास्तर म्हणाले, कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये दख्खनच्या महसीर माशाचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून, आणि नाव दिलं खुद्री, इथलीच लोकं म्हणायची ते. त्याच नदीचं पाणी हे. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. घरी आल्यावर तिघांनीही हातपाय साबणानं दोनदा धुतले. पुढच्या वेळी गाडीत स्वच्छ पाण्याचा कॅन ठेवायचा.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

चार तास, शून्य मरळ. गारव्यात ती सुस्त असते, मास्तरांनी आधीच सांगितलं होतं. तीन चिलापी (तिलापिया मासे), छोट्या फिरत्या चमच्यावर. तुटक्या जाळ्याचा एक मोठा गुंता बाभळीवरून काढला. आत दोन सकर मासे, अंगावर चिलखत, पंखांचे काटे जाळ्यात पार गुंतलेले. हे मूळचे दक्षिण अमेरिकेचे, घरातल्या काचेच्या टाक्यांतून सुटलेले. तात्या म्हणतात, ह्यो एक मासा अख्खं जाळं फाडतो आन् बाजारात कुनी हात लावत न्हाय.

९ मार्च २०२५, रविवार

ही नोंद सविस्तर लिहितोय, तिघांनीही वाचून सही करायची आहे.

सकाळी साडेसहाला पाण्यावर. पाणी आरशासारखं. साडेनऊपर्यंत जलपर्णीच्या कडेनं बेडूक फिरवला. हा बेडूक पोकळ मऊ रबराचा, दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले, त्यामुळे पानांवरून ओढला तरी अडकत नाही. दोन वेळा मागून पाणी फुगलं, मासा आला आणि वळला. त्या आशेनं आम्ही समोरच्या बाभळींकडे निघालो. मधे साधारण सातशे मीटर उघडं पाणी.

सव्वादहाला वारा पडला होता. पूर्ण पडला. मला ते बरं वाटलं. अकराला आम्ही बाभळींत होतो आणि परतायचं ठरलेलं होतं ते अकराच. मीच म्हणालो, अजून पंधरा मिनिटं. मास्तरांनी घड्याळ दाखवलं, पण थांबले.

अकरा वाजून वीस मिनिटांनी पश्चिमेकडचं पाणी काळं दिसायला लागलं. ढग नव्हते. रंग बदलत बदलत तो पट्टा आमच्याकडे सरकत होता. भीमा इथं वायव्येकडून आग्नेयेकडे वाहते, जलाशयही तसाच लांबोळका. पश्चिमेचा वारा त्याच्या लांबीवरून येतो आणि वाटेत त्याला अडवायला काही नाही. पाच मिनिटांत लाटांच्या डोक्यांवर पांढरं दिसायला लागलं. डॉक्टर आणि मास्तर दोघांच्या कयाकमध्ये होते. त्यांनी नाक वाऱ्याकडे केलं, ते बरोबर होतं. मी लवकर पोचावं म्हणून तिरका गेलो. दुसऱ्याच लाटेला कड खाली गेली, मांडीवर पाणी आलं आणि मागचा रॉड दोरीवर लटकला. मी उलटलो नाही, पण कितीदा तरी उलटायच्या बेतात होतो. हाताला वल्हं लागत होतं आणि काठ जवळ येत नव्हता.

शेवटी सरळ पलीकडे जायचा हट्ट सोडला. वाऱ्यालाच पाठ देऊन खालच्या अंगाच्या काठाला लागलो, गाडीपासून तीन किलोमीटर लांब. ते दोघं दहा मिनिटांनी तिथंच आले. चिखलातून कयाक ओढायला दीड तास गेला. मला कापरं भरलं होतं, दुपारच्या उन्हात.

तात्या मोटारसायकलवर शोधत आले. ओरडले नाहीत. उसाच्या बांधावर बसून सांगत राहिले. २१ मे २०२४ ची संध्याकाळ. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला निघालेली बोट, माणसं सात. अचानक वादळी वारा सुटला, बोट उलटली. एकजण पोहत काठाला लागला, सहा गेले. "रोजचीच वाट हुती ती," तात्या म्हणाले. "वारं पान्यावर दिसायच्या आदी बाभळीच्या शेंड्यात दिसतं. आन् एकदम पडलं ना, की समजायचं आता येनार. तुमी पडल्याव खूश झाला आसाल." मी मान हलवली.

आजपासूनचे नियम : दहाला रॉड आत. उघडं पाणी ओलांडायचं नाही, काठापासून दोनशे मीटरच्या आतच. हवामान खात्याचा अंदाज आदल्या रात्री आणि पहाटे, दोन्ही वेळा. ताशी पंधरा किलोमीटरच्या वर वारा सांगितला असेल तर घरी. तिघांपैकी एकानं "परत" म्हटलं की चर्चा नाही. जॅकेटची चेन काठावर येईपर्यंत उघडायची नाही. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात.

३० मार्च २०२५, रविवार

पाडवा. गुढ्या उभारून घरीच. मोठ्या कयाकचं वेल्ड तपासलं, ठीक आहे.

६ एप्रिल २०२५, रविवार

पाच धडका, पाचही हुकल्या. काय चुकतंय ते आज कळलं.

मरळ बेडकाला खालून फोडते, आवाज पाण्यात वीट पडल्यासारखा येतो. तो ऐकला की हात आपोआप रॉड वर ओढतो. तोवर बेडूक तिच्या ओठातच असतो, पुरता तोंडात गेलेला नसतो. दोन आकडे मोजायचे, दोरीला वजन लागतंय का बघायचं, मगच हिसका. काठावर पाय रोवून हे जमतं. कयाकवर दुसरी अडचण. रॉड डोक्यावर ओढला तर कयाकच माशाकडे सरकते, जोर अर्धा होतो आणि तोल मागे जातो. मास्तरांनी उपाय काढला : हिसका पाण्याला समांतर, कमरेच्या उंचीनं, आणि ओढायच्या आधी एक पाय बाहेर काढून पाण्यात टाकायचा. पाय ब्रेकसारखा काम करतो.

सगळ्या गळांचे उलटे काटे पकडीनं दाबून टाकले. मासा सुटायची शक्यता वाढते, हे मान्य आहे.

२७ एप्रिल २०२५, रविवार

सहा वाजून पन्नास मिनिटं. वारा नाही. एका खाडीसारख्या आत गेलेल्या पाण्यात, उसाच्या रानाच्या खाली, जलपर्णीच्या पट्ट्यात एक हातभर रुंद भोक. मी बाभळीच्या फांदीला चिमटा लावून बसलेलो. त्या भोकात मरळ श्वास घ्यायला वर आली. हा मासा नुसत्या कल्ल्यांवर जगत नाही, त्याला हवा लागते. वर येतो, तोंडभर हवा घेतो आणि "पुळुक्" असा आवाज ठेवून खाली जातो. तेवढ्यानं जागा कळते.

बेडूक भोकाच्या दोन हात पलीकडे पानांवर टाकला. ओढत कडेला आणला आणि थांबवला. पाय हलतील एवढाच ताण. थेंब टाकल्यासारखी वर्तुळं उठली. मग पाणीच फुटलं. एक. दोन. दोरी आडवी सरकायला लागली. हिसका.

चाळीस पौंडी विणलेली दोरी, सात फुटी कडक रॉड, तरी पहिल्या धावेत तिनं कयाक गरकन फिरवली. चिमट्यानं फांदी सोडली नाही म्हणून मी जलपर्णीत घुसलो नाही. दोनदा पानांखाली गेली, दोन्ही वेळा मी रॉड पाण्यात खाली नेऊन तिला बाहेर काढली. चौथ्या मिनिटाला रबरी जाळीत. पाठ ऑलिव्ह रंगाची, कुशीवर तिरपे काळपट पट्टे, डोकं खरंच सापासारखं चपटं, आणि डोळा माझ्याकडे. अंगाला हात लावायच्या आधी हात पाण्यात बुडवले, कोरड्या हातानं अंगावरचा चिकट थर निघतो. अठ्ठावन्न सेंटिमीटर. वजन जाळीसकट केलं आणि जाळीचं वजा केलं, एक किलो नऊशे ग्रॅम. गळ वरच्या ओठात, बोटानं निघाला.

डॉक्टर कयाक शेजारी लावून बघत होती. "तोंड हवेत येऊ दे, मग सोड," ती म्हणाली. दमलेल्या मरळीला पाण्याखाली दाबून धरलं तर ती गुदमरते, हे इतर माशांच्या अगदी उलट आहे. जाळी खाली झुकवली. तिनं एक घोट हवा घेतली, कल्ले फाकले आणि शेपटीच्या एका फटकाऱ्यानं माझा चेहरा भिजवून गेली.

मास्तर लांबून काही बोलले नाहीत. वल्हं आडवं उचलून धरलं फक्त.

नऊ चाळीसला काठावर. तात्यांना फोटो दाखवला. त्यांनी मोबाईल लांब धरून बघितला. बाजारात हिला चांगला भाव आहे, ती जिवंत राहते म्हणून जिवंतच विकतात, आणि आजारातून उठलेल्या माणसाला मरळीचं कालवण द्यावं असं त्यांच्या घरात अजून मानतात. त्यांनी सोडल्याबद्दल काही विचारलं नाही. "ती खाडी आमच्या आज्याची," एवढंच म्हणाले. म्हणजे ते गाव, ती शेतं पाण्याखाली आहेत. उजनी १९८० ला पूर्ण झाली, तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते.

११ मे २०२५, रविवार

डॉक्टरला एक, पंचेचाळीस सेंटिमीटर. मास्तरांना एक, मोजायच्या आधी सुटली. उजनी मायनसमध्ये गेलीय, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाचा साठाच उरलाय, गेल्या महिन्यात जिथं आम्ही तरंगत होतो तिथं आज भेगा पडलेला गाळ. विहिरींची कडी, भिंतींचे पाये वर आलेत. तळ घासतो म्हणून वल्ह्याच्या दांड्यावर पट्ट्या रंगवल्या, खोली मोजायला.

२५ मे २०२५, रविवार

गेलो नाही. पहाटेचा अंदाज बघून डॉक्टरनं "परत" असा एकच शब्द पाठवला. आम्ही तोवर घरातून निघालोही नव्हतो. दुपारपर्यंत बारामती, इंदापूर, दौंड भागात पावसानं हाहाकार केला. ओढ्यांना पूर, घरांत पाणी. मास्तरांच्या शाळेच्या वर्गात घोटाभर पाणी आहे. तात्यांना फोन लागला संध्याकाळी, होडी वर ओढलीय, सगळे बरे आहेत.

८ जून २०२५, रविवार

पाऊस थांबलाय, पाणी झपाट्यानं चढलंय. कोरडा गाळ पुन्हा बुडाला, गवत पाण्याखाली हिरवंच दिसतं.

त्याच खाडीत सकाळी सातला पाण्यावर एक तांबूस ढग दिसला. ताटाएवढा, उकळल्यासारखा हलणारा. जवळ सरकल्यावर कळलं, मरळीची पिल्लं. बोटाच्या पेराएवढी, नारिंगी, शेकड्यानं, हवा घ्यायला एकदम वर येतात आणि एकदम खाली जातात. त्यांच्या खाली हातभर अंतरावर दोन लांब सावल्या. आई आणि बाप दोघंही राखण करतात.

या वेळी बेडूक टाकला की मासा शंभर टक्के येतो. भूक म्हणून नव्हे, पिल्लांजवळ आलेलं काहीही ते फोडतात. मरळ धरणाऱ्यांत बरेच जण याच ढगावर टाकतात आणि मोठे मासे याच दिवसांत मिळतात. मास्तरांनी सांगितलं, त्यांनीही विशी-पंचविशीत टाकलेत. सोडायचाच असला तरी तो पाच मिनिटं दोरीवर असतो, आणि तेवढ्यात चिलापी पिल्लांवर तुटून पडतात. त्या पाच मिनिटांची भरपाई कुठल्या फोटोनं होत नाही. मी तिघांतर्फे नाही, माझ्यापुरतं लिहितो : पिल्लांवर टाकणाऱ्याबरोबर मी पाण्यावर जाणार नाही.

रॉड पाईपात ठेवले. वल्हं न हलवता वीस मिनिटं बघत राहिलो. एक चिलापी ढगाच्या कडेला आली, खालची सावली सुटली, पाणी फुटलं, चिलापी गायब.

तात्या खाडीच्या तोंडाशी जाळं लावत होते. मास्तरांनी त्यांना जागा दाखवली. तात्यांनी थोडा वेळ तिकडं बघितलं, मग पहिली बाटली उचलली आणि होडी पुढच्या बाभळीपर्यंत नेऊन तिथं टाकली.

पाऊस स्थिरावेपर्यंत फेऱ्या बंद. मोठ्या कयाकच्या वेल्डशेजारी केसाएवढी नवी चीर दिसतेय, जुन्या भोकापासून दोन सेंटिमीटरवर. या वेळी आतून पट्टीही लावायची. कांडी संपलीय, आणायची आहे.